अठ्ठ्याहत्तरचा आकडा: हृदय बंद पडून परतलेल्या रुग्णाचं भाकीत आणि एका रक्तचाचणीचा प्रवास

(रुग्ण आणि नातेवाइकांची ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत. वैद्यकीय क्रम आणि निर्णय आहेत तसे ठेवले आहेत.)

पार्श्वभूमी

यवतमाळ जिल्ह्यातलं एक खेडं, डिसेंबर महिना. हरभऱ्याचं ओलित सुरू होतं आणि त्या आठवड्यात थ्री फेज लाईन रात्रीची होती. ३४ वर्षांचा हा शेतकरी पुतण्याला सोबत घेऊन वावरात गेला. रात्री दोनच्या सुमारास मोटर बंद पडली म्हणून त्याने स्टार्टरची पेटी उघडली. पाय ओल्या मातीत, पेटीला अर्थिंग नाही. पुतण्याने वाळलेल्या बांबूने त्याचा हात सोडवला तेव्हा तो बेशुद्ध होता, श्वास नव्हता.

शेजारच्या वावरात ओलित करणारा एक तरुण होमगार्डमध्ये होता. छाती दाबायची असते हे तो प्रशिक्षणात शिकला होता आणि त्याने लगेच दाबायला सुरुवात केली. पुढे जे काही झालं ते या एका गोष्टीमुळे. रुग्णाला पिकअपमध्ये टाकून ग्रामीण रुग्णालयात आणायला साधारण २५ मिनिटं लागली आणि त्या वेळात हे दोघं आळीपाळीने, गाडीच्या धक्क्यांत जमेल तसं, छाती दाबत राहिले. रुग्णालयात मॉनिटर लावला तेव्हा व्हेंट्रिक्युलर फिब्रिलेशन दिसलं. म्हणजे हृदय नुसतं थरथरत होतं, रक्त पुढे ढकलत नव्हतं. घरगुती किंवा शेतपंपाच्या दाबाच्या विजेच्या धक्क्याने हृदय थांबलं, तर बहुधा हेच झालेलं असतं. यंत्राने छातीला दिलेल्या तिसऱ्या शॉकनंतर नाडी लागली. तिथल्या डॉक्टरांनी श्वासनळीत नळी घातली आणि १०८ ने रुग्ण आमच्याकडे पाठवला. पहाटे साडेपाचला तो आयसीयूत पोचला.

विजेच्या धक्क्याने हृदय थांबलेले रुग्ण बहुतेक तरुण असतात आणि त्यांच्या हृदयाला आधीचा आजार नसतो. छाती वेळेत दाबली गेली तर त्यांचं हृदय सावरतं. मेंदू किती सावरेल, हा प्रश्न मात्र उरतोच.

पहिले दोन दिवस

रुग्ण खोल बेशुद्धीत होता. चिमटा काढल्यावर हातपाय ताठ करायचा, डोळे उघडत नव्हता. बाहुल्या मात्र उजेडाला आकसत होत्या आणि बुबुळाला कापसाने स्पर्श केला की पापणी मिटायची. हे दोन्ही प्रतिक्षेप पहिल्या तासापासून होते आणि कधीच गेले नाहीत. पुढच्या सगळ्या गोंधळात ही नोंद महत्त्वाची आहे.

लॅक्टेट आल्याआल्या १० होतं, बारा तासांत ३ वर आलं. लॅक्टेटवरून कळतं की शरीर किती वेळ रक्ताविना होतं आणि आता रक्ताभिसरण सुधारतंय का. शॉकच्या आधी दिलेल्या अॅड्रेनलिननेही ते चढतं. मेंदूबद्दल त्यातून थेट काही कळत नाही. ट्रोपोनिन (हृदयाच्या स्नायूंतलं प्रथिन) वाढलेलं होतं, पण विजेचा धक्का, तीन शॉक आणि तासभराची ओढाताण यानंतर ते वाढणारच. सीपीके (स्नायूंतलं एन्झाइम) हजारोंच्या घरात आणि लघवी कोऱ्या चहासारखी तांबूस काळी, म्हणजे विजेने स्नायू फुटले होते. दुसऱ्या दिवशी क्रिएटिनिन चढू लागलं, म्हणजे किडनी बिघडू लागली.

ताप येऊ न देणं, रक्तदाब आणि ऑक्सिजन सांभाळणं, किडनीसाठी सलाईन, भाजलेल्या हाताचं ड्रेसिंग, हे सगळं नेहमीप्रमाणे चाललं. पहिल्या दिवशीच्या सीटी स्कॅनमध्ये मेंदूवर सूज दिसली नाही. व्हेंटिलेटरशी झगडू नये म्हणून मिडाझोलाम (गुंगीचं औषध) आणि फेंटानिल (वेदनाशामक) चालू होतं.

प्रश्न

मोठा भाऊ दिवसातून दोनदा भेटायचा. पहिल्याच दिवशी त्याने विचारलं, "साहेब, आशा असंन तं ठेवतो, नसंन तं नेतो घरी. पण खरं सांगा जी."

आमच्या भागात हे वाक्य जवळपास प्रत्येक बेशुद्ध रुग्णाच्या नातेवाइकाकडून ऐकू येतं. त्यामागे घरातल्या माणसाबद्दलची बेफिकिरी नसते. महात्मा फुले योजनेत उपचाराचा बराचसा भाग बसतो, पण बाहेरची औषधं, बाहेरच्या तपासण्या, भावाचं, बायकोचं आणि म्हाताऱ्या आईचं रुग्णालयाच्या आवारातलं राहणं-खाणं, घरी ढोरं बघायला कोणी नाही, वेचायचा कापूस झाडावर, हे सगळं दर दिवशी वाढत जातं. आणि हा दिवस किती लांबणार हे कोणीच सांगत नाही. त्यामुळे "होईल का नाही" याचं उत्तर लवकर हवं असतं.

ते उत्तर लवकर देता येईल या आशेने आम्ही एनएसई मागवलं. पूर्ण नाव न्यूरॉन स्पेसिफिक इनोलेज. चेतापेशींत असणारं हे एन्झाइम पेशी फुटल्या की रक्तात उतरतं. हृदय थांबल्यानंतर मेंदूच्या पेशी मोठ्या प्रमाणात मेल्या तर ४८ ते ७२ तासांनी त्याची पातळी चढलेली सापडते. युरोपियन रिससिटेशन कौन्सिल आणि युरोपियन सोसायटी ऑफ इन्टेन्सिव्ह केअर मेडिसिन यांच्या २०२१ च्या मार्गदर्शक सूचनांमध्ये ४८ किंवा ७२ तासांना ६० मायक्रोग्रॅम प्रति लिटरच्या वरची पातळी वाईट परिणामाची खूण मानली आहे.

पण त्याच सूचनांत एक अट आहे आणि ती वाचताना सुटून जाते. ही खूण एकटी चालत नाही. ७२ तास उलटलेले हवेत, गुंगीच्या औषधांचा अंमल संपलेला हवा, तरी रुग्ण चिमट्याला योग्य हालचाल करत नसला पाहिजे, आणि मग पुढच्या सहा खुणांपैकी किमान दोन हव्यात: बाहुली आणि बुबुळ या दोन्हींचे प्रतिक्षेप नसणं, मनगटाच्या चेतेला विद्युत उद्दीपन दिल्यावर मेंदूच्या दोन्ही बाजूंना प्रतिसाद न मिळणं, ईईजी (मेंदूच्या विद्युत लहरींचा आलेख) अत्यंत वाईट असणं, एनएसई ६० च्या वर असणं, पहिल्या ७२ तासांत सतत झटके येत राहणं, आणि सीटी किंवा एमआरआयवर पसरलेली इजा दिसणं.

आमच्याकडे या सहापैकी घरच्या घरी करण्यासारख्या खुणा तीन: प्रतिक्षेप, झटके आणि सीटी. एनएसई नागपूरला पाठवावं लागतं. ईईजीचं फिरतं यंत्र गावातल्या एका खासगी न्यूरोफिजिशियनकडे आहे, बोलावलं तर येतं. विद्युत उद्दीपनाची चाचणी जवळपास कुठेही नाही.

तो अहवाल

हृदय रात्री दोनला थांबलं, म्हणून ४८ तास भरले तेही रात्री दोनला. ड्यूटीवरच्या सिस्टरने सूचनेप्रमाणे वेळेवर रक्त घेतलं, लाल झाकणाच्या नळीत भरलं आणि फ्रिजमध्ये ठेवलं. सकाळी साडेसहाला कलेक्शन सेंटरच्या मुलाने ती नळी बर्फाच्या डब्यात ठेवून नागपूरच्या बसमध्ये चढवली. दीडशे किलोमीटरचा रस्ता. म्हणजे रक्त घेतल्यापासून ते यंत्रात जाईपर्यंत सात-आठ तास ते पेशींसकट नळीत होतं. सेंट्रिफ्यूज करून, म्हणजे नळी यंत्रात वेगाने फिरवून, सीरम (पेशींशिवायचा पिवळसर द्रव) वेगळं काढायला कोणी सांगितलं नव्हतं, कारण बऱ्याच तपासण्यांना तेवढ्याने फरक पडत नाही.

त्याच संध्याकाळी सहाच्या सुमारास अहवाल आला. आमच्याकडे येण्याआधी तो भावाच्या मोबाइलवर गेला, कारण मागणीच्या फॉर्मवर नंबर त्याचा होता. तो मोबाइल धरून आयसीयूच्या दारात उभा राहिला. पडद्यावर वर ठळक अक्षरांत "ट्यूमर मार्कर", त्याखाली एनएसई ७८, आणि शेजारी संदर्भ मर्यादा १६.३ पर्यंत. त्याने दोन प्रश्न विचारले. पहिला, "याले कॅन्सर बी हाय का?" आणि दुसरा, "हे नॉर्मलच्या पाचपट हाय ना जी?"

पहिल्याचं उत्तर सोपं होतं. एनएसई काही फुफ्फुसाच्या आणि चेतासंस्थेच्या गाठींमध्येही वाढतं. प्रयोगशाळेकडे येणारी बहुतेक मागणी त्यासाठीच असते, म्हणून छापील मथळा तो आहे. दुसऱ्याचं उत्तर अवघड होतं. पाचपट हे गणित बरोबर होतं आणि ७८ हे ६० च्या वर होतं.

त्या क्षणी वॉर्डात वातावरण कसं होतं ते लिहायला हवं, कारण निर्णय वातावरणातच घेतले जातात. निवासी डॉक्टरने केसपेपरवर आधीच "वाईट भाकीत" असं लिहिलं होतं. पुतण्या बाहेर गाडीवाल्याशी बोलत होता. बायको काही विचारत नव्हती, ती फक्त भावाच्या तोंडाकडे पाहत होती. आणखी तासाभरात सही करून रुग्ण घरी नेला असता, तर कोणालाच ते वावगं वाटलं नसतं.

पर्याय

त्या रात्री आम्ही तीन डॉक्टर आणि प्रयोगशाळेतले मुख्य तंत्रज्ञ बसलो. समोर तीन वाटा होत्या.

पहिली, आकडा मान्य करून नातेवाइकांना आशा नाही असं सांगणं. त्यानंतर बहुधा ते स्वतःच रुग्णाला घेऊन गेले असते. कागदावर ती "वैद्यकीय सल्ल्याविरुद्ध सुट्टी" झाली असती. प्रत्यक्षात तो आमच्याच सल्ल्याचा परिणाम ठरला असता. आयुष्य टिकवणारे उपचार थांबवण्याबाबत सर्वोच्च न्यायालयाने ९ मार्च २०१८ रोजी निकाल दिला आणि २४ जानेवारी २०२३ रोजी त्याची पद्धत सुटसुटीत केली: उपचार करणारा डॉक्टर आणि पाच वर्षांचा अनुभव असलेले किमान दोन तज्ज्ञ यांचं प्राथमिक मंडळ, त्यावर दुय्यम मंडळ, आणि शक्यतो ४८ तासांत मत. घरी नेण्याच्या वाटेने हे सगळं टळतं आणि कोणी कशाची जबाबदारी घेत नाही. माझ्या मते आमच्या भागातल्या अतिदक्षता विभागांतली ही सगळ्यात मोठी न बोललेली बाब आहे.

दुसरी वाट, रुग्णाला नागपूरला हलवणं, जिथे एमआरआय आणि बाकीच्या चाचण्या होतील. पण किडनी बिघडलेला, व्हेंटिलेटरवरचा रुग्ण तीन-चार तास रस्त्यावर नेणं धोक्याचं होतं आणि भाऊ त्याला तयार नव्हता.

तिसरी वाट, थांबणं आणि आकड्याचीच उलटतपासणी करणं.

तिसरीकडे आम्हाला वळवलं ते तंत्रज्ञांनी. त्यांनी अहवालाचं दुसरं पान उघडलं. तळाशी बारीक अक्षरांत शेरा होता: नमुना किंचित हिमोलाइज्ड, म्हणजे त्यातल्या काही लाल पेशी फुटलेल्या. मोबाइलवर पहिलंच पान दिसत होतं.

इथे थोडं थांबून सांगायला हवं. एनएसई फक्त चेतापेशींत नसतं. ते लाल रक्तपेशींत आणि प्लेटलेट्समध्येही असतं. नळीत लाल पेशी फुटल्या की त्यांच्यातलं इनोलेज सीरममध्ये मिसळतं आणि यंत्र ते मेंदूतून आलं की नळीत फुटलं हे ओळखू शकत नाही. सीरमचा रंग डोळ्याला जेमतेम गुलाबी दिसतो तेव्हाही आकडा चांगलाच फुगलेला असू शकतो. जिथे रुग्णाच्या खाटेपासून यंत्र दोन मजल्यांवर असतं, तिथे हा प्रश्न लहान असतो. जिथे यंत्र आणि खाट यांच्यामध्ये रात्रभराचा फ्रिज आणि बसचा प्रवास असतो, तिथे चाचणीची अचूकता त्या प्रवासावर ठरते. ६० ची मर्यादा ज्या नमुन्यांवरून काढली ते असे प्रवास करून आलेले नव्हते.

आणखी दोन गोष्टी बोलण्यात आल्या. स्नायू एवढे फुटलेत, त्याने एनएसई वाढलं असेल का? स्नायूंतला इनोलेज मुख्यतः वेगळ्या प्रकारचा असतो, त्यामुळे हे कारण दुय्यम धरलं. एस-१०० बी नावाची दुसरी चाचणी करावी का, असंही एकाने सुचवलं. ती या रुग्णात निरुपयोगी ठरली असती, कारण ते प्रथिन चरबीतून आणि स्नायूंतूनही येतं आणि याच्या छातीवर अर्धा तास दाब पडलेला होता.

गुंगीच्या औषधांचाही विषय निघाला. मिडाझोलाम ६४ तास चालू होतं, आणि किडनी मंदावली की त्याचे उपघटक शरीरात साठत जातात. म्हणजे रुग्ण मेंदूच्या इजेमुळे निपचित आहे की औषधामुळे, हे त्या रात्री कोणीच सांगू शकत नव्हतं. औषध आदल्या दिवशीच बंद करण्यासारखं होतं.

काय केलं

रात्री नऊला मिडाझोलाम बंद केलं. ७२ तास रात्री दोनला भरणार होते, म्हणून तंत्रज्ञ स्वतः थांबले. रक्त मोठ्या शिरेतून, सुई एकदाच घालून, पिस्टन जोराने न ओढता घेतलं. गुठळी व्हायला वेळ दिला, तासाच्या आत सेंट्रिफ्यूज केलं, सीरम वेगळ्या नळीत काढलं आणि नळी पांढऱ्या कागदासमोर धरून रंग पाहिला: फिकट पिवळा. लघवी अजून काळसर असतानाही सीरम स्वच्छ होतं. स्नायूंतलं मायोग्लोबिन रक्तातून लवकर गाळलं जातं आणि लघवीला रंग देतं. लाल पेशी फुटल्या तर सीरमच गुलाबी दिसतं. त्यामुळे शरीरात रक्तपेशी मोठ्या प्रमाणात फुटत नसाव्यात हेही कळलं. खात्रीसाठी सिकलसेलची सोल्युबिलिटी चाचणी केली, ती निगेटिव्ह आली. विदर्भात हा प्रश्न विचारलाच पाहिजे. सिकलसेल आजार असलेल्या माणसाच्या लाल पेशी शरीरातच फुटत असतात आणि नमुना कितीही जपून घेतला तरी त्याच्या एनएसईवर विसंबता येत नाही.

वेगळं केलेलं सीरम त्याच सकाळच्या बसने त्याच प्रयोगशाळेत गेलं. प्रयोगशाळा मुद्दाम बदलली नाही, कारण वेगवेगळ्या कंपन्यांच्या किटचे आकडे एकमेकांशी जुळत नाहीत.

रात्रीच भावाशी आणि बायकोशी बोललो. या वेळी बायकोला पुढे बसवलं. आकडा खोटा आहे असं म्हणालो नाही, कारण तेव्हा आम्हालाही ते ठाऊक नव्हतं. रक्त रस्त्यात खराब झालं असावं, ते पुन्हा नीट पाठवतोय, झोपेचं औषध आताच बंद केलंय, ते उतरायला दोन-तीन दिवस लागतील, आणि डोळ्यांची तपासणी अजून चांगली आहे, एवढं सांगितलं. भावाने विचारलं, "मंग किती दिवस?" आम्ही रविवारपर्यंत असं ठरवून दिलं. मुदत ठरल्यावर त्याचा चेहरा सैल झाला. बायकोने पहिल्यांदा तोंड उघडलं आणि घरून तिच्या भावाला ढोरांसाठी बोलवायला सांगितलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी ईईजी झाला. लहरी मंद होत्या, पण अखंड होत्या, आणि नावाने हाक मारल्यावर, नखावर दाब दिल्यावर बदलत होत्या. संध्याकाळी अहवाल आला: एनएसई ३१.

या दोन आकड्यांकडे नीट पाहिलं तर एक गोष्ट दिसते. रक्तातलं एनएसई निम्मं व्हायला साधारण २४ ते ३० तास लागतात. ७८ खरं असतं आणि त्यानंतर मेंदूतून एक थेंबही नवीन इनोलेज उतरला नसता, तरी २४ तासांनी आकडा ३९ ते ४५ च्या आसपास असायला हवा होता. तो ३१ आला. म्हणजे ७८ मधला बराच भाग रुग्णाच्या मेंदूतून आलेलाच नव्हता. एकच नमुना घेतला असता तर हे कधीच कळलं नसतं.

३१ हा आकडा आनंदाचा नव्हे. तो साधारण मर्यादेच्या दुप्पट आहे आणि मेंदूला इजा झाली हे सांगतो. एक काळ असा होता की हाही आकडा धडकी भरवणारा ठरला असता. अमेरिकन न्यूरॉलॉजी अकादमीच्या २००६ च्या सूचनांत ३३ हीच रेषा होती. पुढे रुग्णांचं तापमान नियंत्रित ठेवण्याची पद्धत रुळली, ३३ च्या वर जाऊनही शुद्धीवर आलेले रुग्ण दिसले, आणि रेषा वर सरकली. ती रेषा ज्या रुग्णगटांवरून आखली गेली, त्यांतल्या अनेक ठिकाणी वाईट खूण दिसली की व्हेंटिलेटर काढलं जायचं. तसं झालं की भाकीत खरं ठरणारच, आणि चाचणी होती त्यापेक्षा अचूक वाटू लागते.

परिणाम

पाचव्या दिवशी चिमटा काढल्यावर रुग्णाने हात ओढून घेतला. त्याच दिवशी डायलिसिसची पहिली फेरी झाली. नंतर आणखी एक लागली. सहाव्या दिवशी डोळे उघडले, पण नजर कुठे थांबत नव्हती. आठव्या दिवशी बायकोने सांगितल्यावर बोटं दाबली. आम्ही सांगितल्यावर दाबली नव्हती. दहाव्या दिवशी नळी निघाली आणि तिसऱ्या आठवड्यात तो घरी गेला.

तीन महिन्यांनी दाखवायला आला तेव्हा चालत आला. जेवण, आंघोळ, कपडे, सगळं स्वतः करतो. उजव्या हाताची दोन बोटं भाजल्याने आखडली आहेत. सकाळचं दुपारी आठवत नाही, पैशांचा हिशोब चुकतो, लवकर चिडतो. बायकोने सांगितलं की बियाणं-खताचं सगळं आता तीच पाहते आणि मोटरजवळ त्याला जाऊ देत नाही. भावाने पेटीला अर्थिंग करून घेतलं आहे. वैद्यकीय मोजपट्टीवर हा चांगला परिणाम धरला जातो. त्या घरात रोज काय सोसावं लागतं ते त्या मोजपट्टीत येत नाही, हेही लिहून ठेवायला हवं.

काय वेगळं करता आलं असतं

गुंगीसाठी लवकर उतरणारं औषध वापरणं आणि ते ३६ तासांच्या आसपास थांबवून पाहणं शक्य होतं. तसं झालं असतं तर ७२ तासांना हाताने केलेली तपासणीच बरंच काही सांगून गेली असती आणि रक्तचाचणीवर एवढा भार पडला नसता.

आता आमच्याकडे एनएसईचा नमुना सेंट्रिफ्यूज केल्याशिवाय इमारतीबाहेर जात नाही. रात्रीचा तंत्रज्ञ नसेल तर ड्यूटीवरच्या डॉक्टरने ते करायचं, हे सगळ्यांना शिकवलं आहे. फॉर्मवर हृदय थांबल्याची वेळ, रक्त घेतल्याची वेळ आणि सीरम वेगळं केल्याची वेळ अशा तीन वेळा लिहितो. ४८ आणि ७२ तासांचे दोन नमुने नेहमी जोडीने पाठवतो. प्रयोगशाळेकडून हिमोलिसिसचा निर्देशांक आकड्यात मागतो, नुसता शेरा नको. आणि फॉर्मवर मोबाइल नंबर वॉर्डाचा देतो. माहिती लपवणं हा हेतू नाही. पाचपट वाढलेला आकडा एखाद्या माणसाने आयसीयूच्या दारात एकट्याने, "ट्यूमर मार्कर" या मथळ्याखाली वाचू नये, एवढंच.

न्यूरोफिलामेंट लाइट नावाच्या दुसऱ्या प्रथिनाकडे माझं लक्ष आहे. ते चेतातंतूंतून येतं, लाल पेशी फुटल्याने वाढत नाही आणि नमुना बराच वेळ टिकतो. हृदय थांबलेल्या रुग्णांचं तापमान ३३ अंश ठेवावं की ३६, याची तुलना करणाऱ्या मोठ्या चाचणीतल्या रुग्णांच्या साठवलेल्या रक्तावर २०१९ मध्ये झालेल्या अभ्यासात ते एनएसईपेक्षा अचूक ठरलं. दूरवरून नमुने पाठवणाऱ्या आमच्यासारख्या ठिकाणांना खरी गरज त्याची आहे. पण ते मोजायला अतिसंवेदनशील यंत्रं लागतात आणि रोजच्या वापरात ते आमच्यापर्यंत आलेलं नाही.

एक प्रश्न आमच्या बैठकीत पुन्हा पुन्हा निघतो. दुसरा आकडा ३१ आला म्हणून पुढचं सोपं गेलं. नीट घेतलेल्या, पिवळ्या सीरमचा आकडा ५२ आला असता तर? किंवा ६६? नियमाप्रमाणे उत्तर आहे. ५२ ही खूणच ठरत नाही, आणि ६६ ही फक्त एक खूण. प्रतिक्षेप शाबूत, सीटी स्वच्छ, ईईजी हाकेला बदलणारा, म्हणजे दुसरी खूण नाहीच. अशा वेळी भाकीत अनिश्चित धरायचं, रुग्णावर लक्ष ठेवायचं आणि काही दिवसांनी पुन्हा तपासायचं. आमच्यातल्या एकाचं म्हणणं, ६६ वर आम्ही भावाला रविवारची मुदत देऊ शकलो नसतो. माझं म्हणणं, देऊ शकलो असतो आणि द्यायलाच हवी होती, कारण बाहुल्या पहिल्या रात्रीपासून आकसत होत्या. यावर आमचं एकमत झालेलं नाही. पुढच्या रुग्णासाठी इतकंच ठरलं आहे की ७२ तासांच्या आत केसपेपरवर "वाईट भाकीत" हे शब्द कोणी लिहायचे नाहीत.